गिरणीमागचं कुरण

युद्ध संपून सात वर्षं झाली होती. भूसुरुंग कसे शोधायचे आणि कसे काढायचे, याचा हजार पानी मसुदा सुरुंग काढणाऱ्या संस्थेची संपादक सेनादा सारायेवोच्या कचेरीत तपासायला वाटून देत होती. 'शेतं आणि कुरणं' हा भाग तिने दोघांना मिळून दिला: सुरुंगात पाय गेलेल्या नेजादला आणि माजी सैनिक रांकोला.

"लढाईत कुठे होतास रे?" नेजादने सहज विचारलं.

रांकोने एका गावाचं नाव घेतलं, तोच नेजादची कुबडी त्याच्या तोंडावर बसली. नाक फुटलं. त्याला खाली पाडून नेजादने गळाच आवळला. "माझं गाव ते, हरामखोरा! गिरणीमागच्या कुरणात माझा पाय खाल्लात तुम्ही!"

"सोड, मरेल तो!" सेनादाने नेजादला कसंबसं ओढून काढलं.

रांकोने हात उचललाच नव्हता. रक्त थुंकत त्याने विचारलं, "गिरणीमागून किती निघाले?"

"माझ्या पायाखालचा एक. नंतर धातू शोधायचं यंत्र फिरवलं, काही वाजलं नाही. आता माझी पोरगी शेळ्या चारते तिथे."



"आधी घरी फोन लाव," रांको म्हणाला. "आम्ही तीन पुरले होते. सगळे प्लास्टिकचे."