खंडेनवमीचं काम

अख्ख्या डोंबिवली एमआयडीसीत उत्पादनाची प्रगती कॉम्प्युटरवर नोंदवणारा पहिला कारखाना माझा, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. साल होतं एक्क्याण्णव. लेथवर पंपाचा दांडा तयार झाला, की वरच्या ऑफिसातली उत्तरा त्याची नोंद करायची आणि पडद्यावर ऑर्डर पुढे सरकायची.

त्या खंडेनवमीला एक मोठी ऑर्डर अर्धवट होती. दसरा झाल्यावर लगेच माल गेला नाही, तर ती हातची जाणार होती. तरी रिवाज तो रिवाज! आम्ही यंत्रांची पूजा केली, हार घातले आणि शेडची वीज बंद केली.

“सर, कॉम्प्युटरलाही हार घालू?” उत्तराने विचारलं.

“अगं, तो यंत्र थोडाच आहे? तो आपला कारकून!” मी हसलो. तो तसाच चालू राहिला.

थोड्या वेळाने ती वरून ओरडली, “सर, ऑर्डर पुढे सरकतेय!”

“मग नोंदी थांबव ना.”

“मी कुठे करतेय? माझ्या हातात पेढा आहे!”

मी शेडमध्ये गेलो. लेथ गप्प उभे होते, झेंडूची पाकळीही हलली नव्हती. पण खालचा ट्रे दांड्यांनी भरला होता. एक उचलून पाहिला. इतकी सुंदर सफाई आमच्या हातून कधी उतरली नव्हती. माझा ऊर भरून आला.

मग बोटं भाजली.

“सर, ऑर्डर पूर्ण झाली!” उत्तरा पुन्हा वरून ओरडली. “पुढची आपोआप सुरू झालीय.”

“कसल्या मालाची?”

“मालाच्या जागी तुमचं नाव आहे, सर. आणि अर्धं काम झालंय.”