टोंगळ्याचा मालक

"पान चौदावरचा प्राणी आमचा नाही," कंपनीने कळवलं होतं. "तो कोणाचा?"

दिव्यानीने सिंदेवाहीतल्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानात ते पत्र तीनदा वाचलं. टेबलाभोवती बसून गोष्ट सांगत खेळायच्या एका परदेशी खेळाचं तिला वेड होतं. त्या खेळातल्या राज्यावर तिने स्वतः एक नवी मोहीम लिहिली होती. अशा चाहत्यांसाठी कंपनीचे अकरा नियम होते. विकायचं नाही, आमचं चिन्ह लावायचं नाही, 'हे अधिकृत नाही' असं पहिल्याच पानावर छापायचं. तिने अकराही पाळले, आणि वर खात्रीसाठी सगळं लिखाण कंपनीला पाठवलं.

पत्रात पुढे होतं, "टोंगळ्या आम्हाला फार आवडला. आमच्या पुढच्या पुस्तकात घ्यायचा आहे. मालकाची परवानगी पाठवा."

टोंगळा म्हणजे गुडघा, आणि टोंगळ्याचे डोळे गुडघ्यांतच असतात. दिव्यानीचे वडील फॉरेस्ट गार्ड होते तेव्हा, पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावात, शेजारच्या सुकरीबाईने त्याची गोष्ट लहानग्या दिव्यानीला सांगितली होती. तेव्हापासून दहा वर्षांची होईपर्यंत दिव्यानी गुडघे झाकून झोपली.

दुसऱ्या दिवशी ती बसने त्या गावात पोचली. सुकरीबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कंपनीले इचारलं तू," ती म्हणाली. "मले काऊन नाई इचारलं?"

दिव्यानीचा चेहरा पडला. अकरा नियम तोंडपाठ, आणि एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती.

"चुकलं, बाई. तुम्ही नाई म्हणाल तर ते पानच काढून टाकते. अन् तो तुमच्या देवाचा असंन, तर साऱ्या गावाले इचारू."

सुकरीबाईने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. म्हातारी रडते आहे असं वाटून दिव्यानी घाबरली.

"कोन्या देवाचा वं!" सुकरीबाई हसता हसता बसलीच. "मीच बनवला त्याले."

"मग परवानगी देता?"

"देतो. सही बी करतो. पन माहा बी एक नियम लिही."

दिव्यानीने पेन काढलं. सुकरीबाईने रस्त्यावर कोणी नाही ना ते बघितलं, आणि आवाज खाली आणला.

"तो खोटा हाय असं पुस्तकात कुठीच छापाचं नाई. यंदा माह्या झाडाले चारोळी मस्त लागली, अन् गावच्या पोट्ट्यांपासून राखाले मले त्याच्याशिवाय दुसरं कोनी नाई."