पाववाल्या कुत्र्याचा चित्रकार

हमालांनी चित्र उतरवून वेदीसमोरच्या बाकांना टेकवलं. चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या दनीज रुसेलो पुढे आल्या, चष्मा पुसून वाकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही तर आमची फिनेत!"

प्रदर्शनासाठी चित्र न्यायला संग्रहालयातून आलेली सोलांज व्हिन्योरी हसली. चित्रात संत रॉक प्लेगने आजारी पडून झाडाखाली बसला होता आणि एक कुत्रा तोंडात पाव धरून त्याच्याकडे येत होता. "या चित्रात ज्याला त्याला आपलंच कुत्रं दिसतं, मादाम."

"दिसतं कसलं? आहेच ती! बाबांनीच काढली. लढाई संपली त्या वर्षी. छप्पर गळून हा खालचा कोपरा पार कुजला होता. पाद्रीबाबा म्हणाले, आनातोल, तू गावाची दारंखिडक्या रंगवतोस, एक कुत्रं रंगवायला काय जातंय तुझं? तीन दिवस फिनेतला इथं बसवली होती. मीच धरून होते तिला."

"हे आजवर कुणी बोललं नाही?"

"चित्र पडलं सरकारी यादीतलं. परवानगीशिवाय बोट लावायची सोय नाही. पाद्रीबाबांनी बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. आता ते गेले, बाबाही गेले. तुम्ही काय मला तुरुंगात टाकणार?"

सोलांज कुत्र्याच्या कानापाशी वाकली. नाव-गाव ठाऊक नसलेल्या जुन्या चित्रकाराला अभ्यासक त्याच्या एखाद्या खुणेवरून नाव देतात. छत्तीस वर्षांपूर्वी याच चर्चमध्ये शिडीवर चढून, टॉर्चच्या उजेडात तिने हा कुत्रा पाहिला होता आणि 'पाववाल्या कुत्र्याचा चित्रकार' जन्माला घातला होता. खूण म्हणजे कुत्र्याचा पडका डावा कान. त्या कानावरून बर्गंडी प्रांतभरातली आणखी अकरा चित्रं तिने त्याच हातची ठरवली. त्यावर प्रबंध झाला, पुस्तक झालं, संग्रहालयातली खुर्ची मिळाली. येत्या महिन्यात ती निवृत्त होणार होती, आणि बाराही चित्रं प्रथमच एका दालनात लागणार होती.

"पण असा कान इतर चित्रांतही आहे," ती म्हणाली. आपण कुणाची समजूत घालतोय हे तिचं तिलाच कळेना.

"असायचाच! या खोऱ्यातली मेंढरांमागची कुत्री बघा. एक कान उभा, एक पडका. आत्ता चौकात जा, चार सापडतील."

संग्रहालयात चित्रांची डागडुजी करणारा बेनुआ आपली पेटी घेऊन मागेच उभा होता. सोलांजने त्याच्यापुढे हात केला. "कापूस आणि स्पिरिट दे."

"सोलांज, राहू दे ना. सोमवारी प्रदर्शनाचं पुस्तक छापायला जातंय."

"तू पुसतोस की मी पुसू?"

बेनुआने पेटी उघडली, पण कापूस गुंडाळलेली काडी तिच्याच हातात दिली. तीनशे वर्षांचा रंग दगडासारखा होतो, स्पिरिटला सहजी दाद देत नाही. दारंखिडक्यांच्या रंगाचं तसं नसतं. सोलांजने काडीचा बोळा भिजवला, कानाच्या टोकावर टेकवला आणि हलकेच फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. बोळा तपकिरी झाला. कानाच्या टोकाखाली जुना रंग नव्हताच, नुसतं करडं कापड होतं.

तिला रडू आलं नाही, लाज वाटली. छत्तीस वर्षांत ती या गावात नऊ वेळा येऊन गेली होती. पाद्रीबाबांनी दर वेळी तिला वाइन पाजली होती आणि जुनी दफ्तरं काढून दिली होती. तिने सतराव्या शतकातल्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी वाचल्या, मृत्युपत्रं वाचली. कुत्र्याबद्दल गावातल्या एखाद्या माणसाला विचारावं, एवढं काही तिला सुचलं नव्हतं.

"हे बघ," बेनुआ कुजबुजला, "टोक दोन मिनिटांत पूर्ववत करतो. हमाल बाहेर सिगरेट ओढताहेत. बघितलंय कुणी? राहता राहिल्या या बाई..."

"या बाईंना ऐकू येतं," दनीज म्हणाल्या.

सोलांजने बोळा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. "बेनुआ, पलीकडच्या कॅफेतून छापखान्याला फोन लाव. पुस्तक थांबवा म्हणावं."

"कारण काय सांगू?"

"सांग, चूक झाली. माझी. बाकीची अकरा चित्रं कुणाकुणाच्या हातची ते नव्याने शोधायला मला अजून एक महिना आहे."

तो पाय ओढत गेला. सोलांज चित्राच्या खोक्याजवळ गुडघ्यांवर बसली. खोक्यावर चिकटवलेल्या कागदावरची चित्रकाराची ओळ तिने खोडली आणि खाली सावकाश, शाळकरी अक्षरात लिहिलं: 'संत रॉक. चित्रकार अज्ञात. कुत्रा आनातोल रुसेलो, रंगारी, याने रंगवलेला.'

"बरोबर आहे ना नाव?"

दनीजबाईंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि उगाचच पुसत राहिल्या.

"बाबा वेदीजवळ कधी बसायचे नाहीत हो," त्या म्हणाल्या. "दर रविवारी अगदी मागच्या बाकावर. म्हणायचे, पाव बरा साधलाय, पण कान पार बिघडला. तो बघवत नाही मला."

"नाही बिघडला, मादाम," सोलांज म्हणाली. "अख्खा जन्म मी त्या कानावर काढला."