स्वेटरच्या रंगांचा पक्षी

मी अभयारण्याचा रखवालदार. थंडी पडली की दर रविवारी दुर्बिणवाले साहेब येतात, तळ्याकडे पाठ करून थर्मासमधला चहा पितात आणि आधीच्यांनी लिहिलेले पक्षी नोंदवहीत आपल्या नावावर उतरवतात. गेल्या खेपेला मी झाडावरचं घुबड दाखवायला गेलो, तर त्यांच्यातले मोठे साहेब म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? तू गेट सांभाळ."

म्हणून या रविवारी उजाडताच मी बायकोच्या स्वेटरचे रंग घेऊन एक पक्षी मनानेच रचला. जांभळा गळा, पोपटी पंख, पोटावर पिवळे पट्टे. वहीत पहिल्याच ओळीत लिहून ठेवला.

संध्याकाळी वही उघडली. पक्षी सातजणांना दिसला होता.



मोठ्या साहेबांना तर जोडी दिसली होती. मादी जरा फिकी होती म्हणे.