पाठ फिरवल्यावर समोर

ती काच हातोड्यानं फोडावी, असंच ऋजुताला वाटत होतं. कॉव्हेंट्रीतल्या चिनी कुटुंबांसाठी बांधलेला हा नवा अंत्यविधीचा हॉल तिनं डिझाइन केला होता; पण भिंतभर बसवलेली ती काळी, चकचकीत काच तिच्या बॉसची, अनुपची हौस होती.

"शवपेटीचं झाकण लावताना ते लोक पाठ फिरवतात," तिनं त्याला बजावलं होतं. "नाहीतर आपली सावली आत अडकते, असं मानतात. पाठ फिरवल्यावर समोर आरसा ठेवायचा का?"

"अगं, त्यांना मॉडर्न हवंय! इंग्लंडमध्ये असलं कोण पाळतं?"

आज तिथला पहिलाच विधी होता, लाऊ आजोबांचा. काच पाहताच त्यांच्या मुलीचा चेहरा उतरला. "प्लीज, सगळ्यांनी डोळे मिटा," ती म्हणाली. सगळे पेटीकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. अनुपनंसुद्धा निमूटपणे मिटले.

ते बघून ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता रे कशाला मिटतोस? तिनं मुद्दाम डोळे टक्क उघडे ठेवले.

मागे झाकण सरकू लागलं. काचेत पेटी दिसत होती, तिच्यापुढे मिटल्या डोळ्यांचे चेहरे. लाऊंची मुलगी. अनुप. त्याच्या शेजारी ऋजुताचा चेहरा दिसायला हवा होता.

तिथे तिची पाठ होती. वेणी, वेणीतली सकाळी लावलेली निळी क्लिप, सगळं स्पष्ट.

आणि ती पाठ हळूहळू पेटीत वाकत होती.