लोणच्याची बरणी

बाथरूममध्ये पडल्यापासून सासूबाईंचे पाय गेले ते गेलेच. तीन वर्षं त्या दोन्ही हात पुढे करायच्या आणि सुलू काखेत हात घालून त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायची. शेवटी सुलूच्या खांद्याचं दुखणं ऑपरेशनवर गेलं. "दंडाच्या स्नायूची झिजलेली दोरी कापून हाडात स्क्रूने बसवलीय," डॉक्टर म्हणाले, "दीड महिना तांब्यासुद्धा उचलायचा नाही." डिस्चार्ज एक दिवस आधीच मिळाला. नवऱ्याला कशाला धावपळ, म्हणून झोळीतला हात सांभाळत ती रिक्षाने एकटीच नवघरला घरी आली. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत सासूबाई स्टुलावर उभ्या राहून वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढत होत्या. नवऱ्याने स्टूल धरलं होतं. "आई, उतर आता. उद्यापासून पुन्हा पलंग, सुलू येतेय." सुलूची चप्पल वाजली. सासूबाई लगबगीने पलंगावर बसल्या आणि सवयीने त्यांनी दोन्ही हात पुढे केले.