हिरवा दोरा

"कॅमेरा आण," अण्णा म्हणाले.

प्राणेश खिडकीला पाठ लावून उभा होता. बाहेरचं वडिलांना दिसू नये म्हणून उभा होता, पण माणसाची पाठ ती केवढी, आणि खिडकी केवढी!

"रोल संपलाय, अण्णा."

"बघायला रोल कशाला लागतो?"

खरंच की. प्राणेश मान खाली घालून कपाटाकडे गेला.

पलंगाच्या कडेला त्याची बायको पवित्रा रागीच्या गंजीची, म्हणजे नाचणीच्या पेजेची, वाटी घेऊन बसली होती. सासऱ्यांच्या पोटातल्या गाठीपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. जन्मभर शिवाजीनगरात कोट-पँटी शिवलेला माणूस, चमचाभर गंजी पुढे आली तरी तोंड फिरवायचा. सगळ्यांनी आशा सोडली होती. आणि मग मागच्या अंजिरावर ती आली. शिंपी पक्ष्याची मादी. अंगठ्याएवढा जीव, पण पानाला पान टाके घालून जोडते आणि आत घरटं करते. "अगं, आपल्यातलीच आहे की ही!" म्हणून अण्णा कित्येक दिवसांनी हसले. पिल्लं झाल्यावर तर त्यांनी नेमच धरला. तिनं पिल्लांना घास भरवला की इकडे ह्यांनी एक चमचा घ्यायचा. वाटी संपायला लागली. पवित्रा स्वयंपाकघरात जाऊन आनंदानं रडली होती.

एकच हौस राहिली होती. "एवढ्याशा चोचीनं टाका कसा घातलाय, ते एकदा जवळून दाखव रे," अण्णा म्हणत. "पण झाडाला हात लावायचा नाही हं. मी मशीनवर असताना कुणी कोपर लावलेला मला खपायचा नाही."

म्हणून हा कॅमेरा. दुकानदार भिंगं बदलायचा मोठा कॅमेरा घ्या म्हणून मागं लागला होता. प्राणेशनं हा निवडला. ह्याचं भिंग निघत नाही, पण बटण दाबलं की लांबचं ओढून जवळ आणतं. दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडच्या माणसाच्या शर्टाचं काज त्यात दिसलं, तेव्हा दुकानदाराला कानडीत "सरी" म्हणाला, "ठीक, हाच द्या." शिंप्याचाच मुलगा तो, दुसरं काय बघणार!

घरी आणून खिडकीशी लावला, तर नेमकं टाक्यांवर तिसरंच एक पान. वाऱ्यानं हलायचं आणि परत जागेवर यायचं. भिंग कितीही लांब असलं तरी पानाच्या आरपार थोडंच बघणार? काल दुपारी अण्णांचा डोळा लागला, आणि ह्या शहाण्यानं बाहेर जाऊन ते पान मागं ओढलं, फांदीला बांधून टाकलं. फोटोत येऊ नये म्हणून मुद्दाम हिरवा दोरा घेतला. रोल संपेपर्यंत फोटो काढले. पान सोडायला निघाला, तर ती चोचीत घास घेऊन आलेली. तिला कशाला घाबरवायचं, सकाळी सोडू, म्हणाला. दया आली त्याला!

सकाळी कावळा आला. पान आडवं नव्हतं. घरटं उघडंच होतं.

अण्णांच्या हातात बळ नव्हतं. प्राणेशनं मागून कॅमेरा धरला आणि त्यांचा डोळा त्याला लावून दिला.

"अजून जवळ."

त्यानं बटण दाबलं. भिंग गुरगुरत पुढं सरकलं.

"अजून."

घरटं एका बाजूनं फाटून लोंबत होतं, ते भिंगाशिवायही दिसत होतं.

"आली," अण्णा म्हणाले. "अळी आणलीय."

पवित्राचा चमचा सवयीनं पुढं झाला.

"थांब गं. कुणाला देऊ म्हणून बघतेय ती."

पवित्रानं चमचा वाटीत ठेवला.

"कावळ्यानं घात केला, अण्णा," प्राणेश घाईघाईनं म्हणाला. "ह्या कावळ्यांचं काही सांगता येत नाही. कुठंही शिरतात."

अण्णांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. "टाका दिसतोय," ते म्हणाले. "काय हात आहे! आज पहिल्यांदा दिसतोय." मग म्हणाले, "मधलं पान कुठं गेलं रे?"

प्राणेशनं कॅमेरा हळूच उजवीकडे सरकवला. भिंगातलं सगळं अंजीर हललं असणार.

"नीट धर. डावीकडे घे. स्वल्प वर."

घ्यावंच लागलं. अण्णा बघत राहिले. काज बरोबर आलंय का ते बघायला ते असेच कापड डोळ्यांशी धरत, आणि शिवणारा कारागीर तोवर श्वास रोखून उभा असे. शेवटी त्यांनी डोळा काढला आणि डोकं उशीवर टेकलं.

"अण्णा, एक चमचा," पवित्रा म्हणाली. "माझ्यासाठी. एकच."

"साकु." पुरे म्हणून त्यांनी ओठ मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं. वाटीतली गंजी तशीच राहिली.

"तुम्हाला टाका दिसावा म्हणून केलं हो, अण्णा," प्राणेश म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं. एवढा मोठा बाप्या, गळ्यात कॅमेरा लोंबकळतोय आणि हुंदके देतोय.

अण्णांनी न बघताच हात मागं नेला. चाचपडत त्याचं मनगट धरलं.

"दोऱ्याला दोन वेढे देऊन खालून ओवलीस ना? सुटायची नाही," ते म्हणाले. "मीच शिकवलीय तुला ती गाठ."